बेटावरच्या घरात बोललेलं खोटं
१८ नोव्हेंबर २००६, संध्याकाळ

वेल्ह्याहून एसटीनं आणि मग होडीनं धरणातल्या या बेटावर पोचलो. शेणानं सारवलेल्या खोल्या, विजेऐवजी कंदील. पाहुण्यांसाठी हे घर नामदेवरावांनी स्वतः बांधलंय. चहा देताना ते म्हणाले, "आमचं गाव हितंच पाण्याखाली हाय. सायेब, तुमी पयल्यांदाच आलात न्हवं?"

मी "हो" म्हणालो. का म्हणालो? धरणाच्या वेळी त्यांच्या बुडालेल्या घराची सरकारी मोजणी मीच केली होती. त्यांच्या आईनं मला ताकही दिलं होतं. तो "हो" काही केल्या गिळवेना.

पाय धुवायला ते गरम पाणी घेऊन आले, तेव्हा सांगून टाकलं. त्यांनी तांब्याभर पाणी माझ्या पायांवर ओतलं.

"वळखलं व्हतं म्या," मग म्हणाले. "तुमी सांगताय का, ते बगत व्हतो."