नणंदेचा दिल्का आणि आमच्या घरचा धूर

ओमदुरमान,
शाबान महिन्याचा दुसरा आठवडा

आदरणीय बतूलताईस धाकट्या अलवियाचा सलाम पोचावा.

तू बरी आहेस ना? गुडघे काय म्हणतात? दाजींचा दमा, मुलींच्या परीक्षा, गच्चीवरची कबुतरं, सगळं ठीक असावं असं अल्लाहपाशी मागते. बंदरावरच्या त्या खारट हवेत लोखंड टिकत नाही, तिथे माणसाचं काय, म्हणून तुमची काळजी वाटते इतकंच. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पुढे वाच, म्हणजे कळेल किती खुशाल ते.) पत्र लिहायचं कारण एकच. तुझ्या मुलींच्या हाती ते कैरोचं चकचकीत बायकी मासिक पडू देऊ नकोस. पडलंच, तर चुलीत घाल.

आमची नणंद नजवा शाळेला सुट्टी लागल्यापासून माझ्याकडे मुक्कामाला आहे, हे तुला मागे कळवलं होतं. सासूबाई अबू रूफला धाकट्या दिरांकडे असतात आणि तिथे म्हणे हिला वाचायला शांतता मिळत नाही. माझ्याकडे मिळते. का मिळणार नाही? नवरा तिकडे जेद्दाहला, मुलं दिवसभर अंगणात, आणि हातात झाडू एकट्या माझ्याच. बाई भूगोल शिकवतात. कुठल्या देशात कुठला वारा वाहतो ते सगळं तोंडपाठ, पण आमच्या अंगणात वारा कुठल्या बाजूने वाहतो ते मात्र कळत नाही, आणि ताई, सगळी गोम तिथेच आहे.

झालं असं की शाळेच्या मुख्याध्यापिकेचा भाचा, मुअतसिम नावाचा, रेल्वेत इंजिनिअर, त्याच्याकडची माणसं रमझानच्या आधी हिला बघायला येणार असं ठरलं. ठरलं म्हणजे काय, कुणीतरी कुणाच्या तरी कानात सांगितलं. विचारलं कुणी नाही, होकार कुणी दिला नाही. पण बाईंनी त्या दिवसापासून आरसा घेतला तो खाली ठेवायचं नाव नाही. हिच्या त्या कैरोच्या मासिकात होतं, निरोगी त्वचेसाठी घरच्या घरी नैसर्गिक उटणी करा, बाजारची साबणं विष आहेत. पहिलं उटणं साखर, लिंबू आणि तेलाचं. मासिकात लिहिलं होतं नुसतं कालवा. हिला वाटलं, साखर विरघळत नाही तर जरा चुलीवर ठेवावी. आता साखर आणि लिंबू उकळलं की काय होतं हे आपल्याकडे शेंबड्या पोरीलासुद्धा ठाऊक आहे. केस उपटायची हलावा होते! भूगोलवाल्यांनी ती कोमट असताना तोंडाला फासली आणि गार झाल्यावर ओढली. डाव्या भुवईचा शेपटाकडचा अर्धा भाग गेला. मी हसले नाही. (हसले. पण पदर तोंडात कोंबून, स्वयंपाकघरात जाऊन.) त्यानंतर कॉफीचा चोथा झाला, त्याला मुंग्या लागल्या. मग दह्यात मसूर वाटून झाला, तो वाळत ठेवला तर शेजारच्या हज्जा तोमाची शेळी येऊन चाटून गेली. त्या शेळीचं तोंड आता भलतंच तुकतुकीत दिसतं, हे मात्र खोटं बोलत नाही.

मी तिला पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, बाई गं, अंग घासायचं तर आपला दिल्का काय मेला आहे? ज्वारीचं पीठ शिजवावं, त्यात चंदन, लवंग, महलबच्या बिया, संत्र्याची साल घालावी, लाकडी कटोऱ्याला आतून थापावं आणि बाभळीच्या धुरावर कटोरा पालथा घालून दिवसचे दिवस धुरी द्यावी, असं आपल्या आया-आज्या करत आल्या. दिल्क्याने अंग घासलं की मळ वळ्यावळ्यांनी निघतो आणि कातडी लोण्यासारखी होते. तर नाक मुरडून म्हणाली, "वहिनी, ते जुनाट बायकांचं काम. धुराने रोमरंध्रं बुजतात." रोमरंध्रं! चार दिवसांनी त्याच मासिकाचा पुढचा अंक आला, त्यात पानभर रंगीत चित्र आणि मथळा, नील खोऱ्यातलं प्राचीन सौंदर्यरहस्य, दिल्का. झालं. जे मी सांगितलं ते जुनाट आणि कैरोने छापलं ते शास्त्र. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही उगीच नाही. मी स्पष्ट सांगितलं, दिल्का लग्न झालेल्या बाईचा, नाहीतर लग्न ठरलेल्या मुलीचा. अजून तुला कुणी विचारलंदेखील नाही. धुराचा वास बाहेर गेला तर लोक म्हणतील, पोरगी गुडघ्याला बाशिंग बांधून बसली आहे. तर म्हणे, "त्वचेला काय ठाऊक लग्न झालंय की नाही?" त्वचेला नाही गं, पण हज्जा तोमाच्या नाकाला सगळं ठाऊक असतं.

बुधवारी मला बहरीला सांत्वनाला जावं लागलं. (आपल्या फौझियाचे सासरे गेले. माणूस चांगला, भाषण लांब.) मुलांना बरोबर घेतलं. माझी पाठ वळताच बाईंनी माझ्या खोलीतल्या धुरीच्या खड्ड्यात, जिथे नवरा घरी असला की बायको अंगाला धुरी घेते तिथे, बाभळीची लाकडं रचली. पीठ शिजवायचा कंटाळा, म्हणून किसऱ्याच्या पातळ भाकरीसाठी आंबत ठेवलेलं माझं ज्वारीचं पीठ घेतलं, त्यात मसाले ओतले आणि कटोऱ्याला थापलं. ताई, आंबलेलं पीठ! खालून धग लागली तशी ते फुगलं, सुटलं आणि धपकन खड्ड्यात पडलं. हिने घाबरून वर तेल ओतलं. त्या तेलात चंदन, त्या चंदनात लवंग. असा धूर उठला की आमचं अंगण, तोमाचं अंगण, मशिदीची गल्ली, सगळीकडे वास. वारा नेमका बाजाराकडे वाहत होता.

आता तूच सांग. ज्या घरातला नवरा परगावी आहे त्या घरातून भरदुपारी बाभळीचा आणि दिल्क्याचा वास आला, तर आपल्याकडे लोक काय समजतात? दोनच गोष्टी. एक, नवरा आला. दुसरी मी लिहीत नाही, तू लग्न झालेली बाई आहेस.

देव तोमाचं भलं करो, तिने पहिली गोष्ट धरली आणि भिंतीवरून मान काढून विचारलं, "अगं नजवा, इद्रीस आला वाटतं?" या एका क्षणी आमच्या शिकलेल्या नणंदेने काय करावं? दिल्का माझा आहे म्हटलं तर मुअतसिमकडच्यांच्या कानावर संध्याकाळच्या आत गेलं असतं. नाही आला म्हटलं तर मग धूर कुणाचा? वहिनीचा? म्हणून बाई म्हणाल्या, "हो, आला. झोपलाय."

झोपलाय! मेली म्हणाली झोपलाय!

मी बहरीहून परतले तर आमच्या दारात चपलांचा ढीग. एखाद्याला वाटावं घरात कुणी मेलं. आत पाहते तर अंगणातल्या सगळ्या बाजा भरलेल्या. पांढऱ्या पायघोळ जलाबिया घातलेली माणसं चहा पीत बसलेली, इमामसाहेब मधोमध, आणि सगळे हळू आवाजात बोलतायत, कारण इद्रीस झोपलाय. मला पाहून तोमाने जीभ हलवून असा काही आनंदाचा घोष केला की माझ्या हातातली पिशवी खाली पडली. इद्रीसच्या मामांनी खुशीने एक मेंढा आणून कडुनिंबाला बांधला होता. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं. मामा डोळे मिचकावून म्हणाले, "झोपू दे गं, झोपू दे. थकला असेल." आणि सगळी जलाबियामंडळी हसली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आणि या सगळ्यात ताई, माझ्या खोलीच्या बंद दाराशी सासूबाई बसलेल्या. अबू रूफहून दुसऱ्याच्या गाढवगाडीतून आल्या होत्या, पायात दोन वेगवेगळ्या चपला. दारावर तळहात टेकून बसल्या होत्या आणि कुणी मोठ्याने बोललं की बोट ओठावर ठेवत होत्या. मला म्हणाल्या, "खिडकीच्या फटीतून पाहिलं. बारीक झालाय गं खूप." आमच्या हुशार नणंदेने बाजेवर चादरीखाली लांब लोड निजवला होता.

मी नजवाला स्वयंपाकघरात ओढलं. ती भिंतीला टेकून रडत होती, त्या दीड भुवईने. मला वाटलं होतं हिच्या दोन कानशिलात देईन. पण हात उचलला गेला नाही. ती हुंदके देत इतकंच म्हणाली, "वहिनी, मी सांगते बाहेर. दिल्का माझा होता म्हणून सांगते. तुमचं नाव जायला नको." आणि खरंच पदर सावरून निघाली. मूर्ख आहे, नाकाने कांदे सोलते, पण निघाली होती. मी तिला मागे खेचलं. तोमाच्या तोंडात द्यायला आमच्या घरची पोर मी काही रस्त्यावर टाकलेली नाही. तिला बोलायचा हक्क माझा. इतरांचा नाही.

मग बाहेर येऊन मी शांतपणे म्हणाले, मंडळी, गैरसमज झाला. हे आलेले नाहीत, येणार आहेत. जेद्दाहहून निरोप आला, बोटीत बसतो म्हणून. मीच दिल्का धुरीला लावून गेले होते. या वेडीला येणार आणि आले यातला फरक कळत नाही, शिक्षिका आहे ना. सगळे हसले. फक्त तोमाने विचारलं, "मग चादरीखाली कोण आहे?" मी दार उघडून लोड आणून अंगणात टाकला. मंडळी चहा संपवून उठली, मेंढा तेवढा राहिला, कारण कुर्बानीसाठी आणलेलं जनावर परत नेणं अपशकुन. तो आता माझी मेंदीची झुडपं खातोय. सासूबाई मात्र उठल्या नाहीत. लोडाकडे बघून म्हणाल्या, "घोरत नव्हता तेव्हाच शंका आली होती. पण बसले." मग माझ्याकडे बघून, "नक्की कधी येतोय?" आणि ताई, माझ्या तोंडून निघून गेलं, पुढच्या आठवड्याच्या पोर्ट सुदानच्या गाडीने.

तर अशी ही घरच्या घरी निरोगी त्वचेची कथा. तेव्हा मुलींना सांग, अंगाला साबण लावा, पाणी ओता आणि गप्प बसा. दाजींना सलाम, मुलांना पापे.

तुझी,
अलविया

ता. क. कटोऱ्याला उरलेला दिल्का मी फेकणार होते. सहज कोपराला घासून पाहिला. आंबूस वास येतो, पण कातडी खरोखर मऊ झाली. आंबलेल्या पिठाचा गुण असावा. नजवाला हे कळवायचं नाही, नाहीतर कैरोला लेख पाठवेल.

दुसरा ता. क. खरं काम हे आहे. निरोप-बिरोप काही आलेला नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तीन वर्षं झाली, पत्रं येतात, हे येत नाहीत. तिकडे दुसरं घर केलंय असं लोक म्हणतात, मी विचारलेलं नाही. पण पुढच्या आठवड्याच्या गाडीतून हे उतरले नाहीत, तर तोमा दुसरी गोष्ट धरेल, आणि मग मला या गल्लीत तोंड काढायला जागा उरणार नाही. दाजी बंदरात आहेत, जेद्दाहच्या बोटीवरची माणसं त्यांच्या ओळखीची. तर आजच जेद्दाहला तार करायला सांग. काय करायचं ते कर, पण त्यांना बोटीत बसव.

तिसरा ता. क. हे सासूबाई सांगतायत आणि मी लिहितेय. त्यांना सगळं माहीत आहे, नजवाने सकाळी चहाबरोबर ओकून टाकलं. त्या म्हणतात, तारेत लिही, आई मरायला टेकली. मी म्हटलं, असं अभद्र लिहू नये, बायको वाट पाहतेय एवढं लिहूया. तर म्हणाल्या, "मीही त्याच्या बापाला तेच कळवायचे. त्याने कुणी बोटीत बसत नाही, पोरी. आई मेली म्हणूनच लिही."