विलगीकरण कक्षातला दूरध्वनी पुन्हा बसवण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
रोगप्रतिकार संशोधन केंद्र

विषय : उंदरांच्या विलगीकरण कक्षातील काढून नेलेला अंतर्गत दूरध्वनी परत मिळणेबाबत.
संदर्भ : ‘विनावापर उपकरणे जमा करणे’ हे आपले परिपत्रक.

महोदय,

१. अर्जदार सदर कक्षात संशोधक आहे. तेथील उंदरांना प्रतिकारशक्ती खचवणाऱ्या विषाणूची लागण केलेली असते. त्यांच्या प्लीहेतील टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढायच्या, त्यांना डिवचायचे आणि त्या किती सायटोकाइन सोडतात ते मोजायचे, हे अर्जदाराचे काम. सायटोकाइन म्हणजे एका पेशीने दुसरीला घातलेली साद. लागण झालेल्या उंदराची प्लीहा पेशींनी टम्म फुगते, पण साद जवळजवळ निघतच नाही. हा विषाणू शेजारच्या निरोगी उंदरांत जाऊ नये म्हणून कक्षाला दुहेरी दारे आहेत. आतला आवाज बाहेर जात नाही.

२. पूर्वी सोबतीला दाराबाहेर वरिष्ठ ताई असत. त्या निवृत्त होऊन लेकीकडे गेल्या. त्यांची जागा भरली गेली नाही. त्यानंतर कक्षातून एकही फोन झाला नाही, हे आपले म्हणणे खरे आहे. ज्याला करावा असे कोणी नव्हते.

३. गेल्या सोमवारी काम करताना अर्जदारास भोवळ आली व टेबलाची कड कपाळाला लागली. दार गाठता येईना. दुपारी पिंजरे धुणाऱ्या मावशी आल्या, तेव्हा सुटका झाली. “अहो बाई, हाक तरी मारायची!” असे त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. हाका मारून घसा बसला होता.

४. याबाबत विचारले असता आपल्या लिपिकांनी “हवा होता तर वापरायचा होता” असे सांगितले. तरी यंत्र परत मिळाल्यास वापर दिसावा म्हणून अर्जदार रोज दुपारी आपल्या कार्यालयास फोन करील. पलीकडून कोणी नुसते “हं” म्हटले तरी चालेल. तेही गैरसोयीचे असल्यास उचलून खाली ठेवावा.

५. आणखी एक. रुग्णालयातल्या परिचारिकेने “घरचं कोण? कुणाला कळवू?” असे विचारले, तेव्हा अर्जदाराने गडबडीत आपल्या कार्यालयाचा क्रमांक दिला. त्याबद्दल क्षमा असावी. त्यांचा फोन आल्यास चौकशीत न शिरता, “हो, आमच्याच आहेत,” एवढे सांगावे, ही विनंती.

आपली नम्र,
(सही)
संशोधक, विलगीकरण कक्ष
दिनांक : आजचाच

सोबत : टाके घातल्याचा वैद्यकीय दाखला.