मागचे दोन चॅनल

शिरूर, गुरुवार

प्रिय पृथ्वी,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. फाडायच्या आधी एकदा वाच.

दुकान चालू आहे. गाड्यांच्या साउंडमध्ये अजूनही फोर चॅनल ॲम्प्लिफायरच जास्त जातात. पुढचे दोन चॅनल दारातल्या स्पीकरला, मागचे दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, सबवूफरला, हे तूच शिकवलंस. पुढं कुणाला सब नकोसा झाला, तर त्याच दोन चॅनलवर मागचे स्पीकर जोडून देतो. एकच ॲम्प, हवा तसा वापरायचा, असं तू म्हणायचास. कुठं थांबायचं तेही सांगायचास. ते मी ऐकलं नाही.

तुझ्या सोपानमामांची गाडी तू जोडलीस, तेव्हा सबच्या दोन्ही कॉइल सिरीजमध्ये घेतल्या होत्यास. आठ ओहम. ब्रिज केल्यावर हा ॲम्प चार ओहमच्या खाली चालवायचा नाही, नाहीतर तापतो, हे तू मला दहादा बजावलं होतंस. चार दिवसांनी तू पुण्याला माल आणायला गेलास आणि मामा आले. म्हणाले, "रविराज, आवाजात दम न्हाई रं." मी कॉइल पॅरलल केल्या. ओहम दोनवर आले, काचा थरथरायला लागल्या, मामा खूश. फ्यूज उडाला, तर त्याजागी मोठा टाकला. तुला सांगितलं नाही.

पुढं एकदा न्हावऱ्याच्या अलीकडं मामांच्या गाडीत सीटखालच्या ॲम्पमधून धूर निघाला. मागच्या सीटवर धुरपदामामी होत्या. दार उघडेपर्यंत सीटचं पेटलेलं कव्हर त्यांच्या हाताला चिकटलं. मामा दुकानात आले, ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "जोडणी कुणी केली?" तू म्हणालास, "मी." त्याआधी तू जळालेली गाडी बघून आला होतास. वायरी कशा जोडल्यात ते तुला दिसलं असणार. तू माझ्याकडं बघितलंस, बराच वेळ. मी खाली मान घालून स्क्रू डब्यात भरत राहिलो.

तू दौंडला निघून गेलास. तिथं मोटार वाइंडिंगचं काम करतोस असं कळलं. निमोण्याला, मामांकडं, पुन्हा पाय ठेवला नाहीस.

परवा मामी दुकानावर आल्या. उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत. म्हणाल्या, "त्याला दुकानातनं काढलंस, बरं केलंस बाबा. तू हायस म्हणून आम्ही पुन्यांदा हितं आलो." मी पाणी आणायच्या निमित्तानं मागं गेलो आणि तिथंच उभा राहिलो.

काल सकाळी निमोण्याला गेलो. मामा धार काढत होते. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही. मग बादली बाजूला ठेवून म्हणाले, "दोन वरसं भाच्याचं तोंड बघितलं न्हाई मी. मला सांगाय आलास. त्याला कवा सांगणार?"

म्हणून हे पत्र. तुला सगळं माहीत होतं, पण माझ्या तोंडून नव्हतं. रविवारी मामा-मामी तुझ्याकडं येतायत. मला चल म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही. तू बोलावलंस तरच येईन.

अजूनही तुझाच म्हणवून घेणारा,
रविराज