पंखा चालू होता

तीर्थरूप दादास,

ऑपरेशनच्या टेबलावर सात तास पालथा पडून होतो, त्यातलाच एक साष्टांग नमस्कार तुझ्या नावे धर. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनीचा खोकला थांबला का? अक्षर तुझ्या भावजयीचं, मजकूर माझा. (ती लिहिताना सारखी थांबते, तिकडे लक्ष देऊ नकोस.)

मणक्याचं काम झकास झालं. तीस वर्षं शिडीवर चढून लोकांच्या घरात वायरी ओढणारी पाठ आता कुरकुरतही नाही. धक्का बसला तो शुद्धीवर आल्यावर. डोळे उघडले तर मिट्ट काळोख. मला वाटलं, वॉर्डातली लाइट गेली. नर्सबाईंना म्हटलं, आधी मेन स्विच बघा, फ्यूज उडाला असेल. त्या माझी नाडी मोजू लागल्या. मग मी (स्वभाव तुला माहीतच आहे) आवाज चढवला, की एवढं मोठं हॉस्पिटल आणि साधा जनरेटर नाही? उशाशी यंत्रं टिकटिक करत होती, ती बॅटरीवर असणार हेही मीच ठरवून टाकलं. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला धीर दिला, घाबरू नका, मी वायरमन आहे. तो म्हणाला, "अहो, मी पेपर वाचतोय." मला वाटलं, बिचाऱ्याची भूल अजून उतरली नाही.

तेवढ्यात तोंडावर वारा लागला. डोक्यावर पंखा फिरत होता. दादा, लाइन होती रे.

डॉक्टर म्हणाले, फार वेळ पालथं राहून डोळ्यांच्या नसांना रक्त कमी पडलं, हजारोंत एखाद्याला होतं. सही घेताना त्यांनी हे सांगितलं होतं म्हणे. सांगितलंही असेल. मी तेव्हा त्यांच्या खुर्चीमागचं सैल सॉकेट बघत होतो.

तुझा,
धाकटा

ता. क. : घरी आलोय, काळजी नको. सकाळी हिने पडदा सरकवला की डाव्या डोळ्याला उजेड कळतो. महिन्याभरात कामावर जाईन. तू येऊ नकोस, उगाच गुडघे दुखतील.

आणखी एक ता. क. : भाऊजी, त्यांना वाचून दाखवलं ते इथवरच. आता ते झोपलेत. आज सकाळी पडदा उघडाच होता, तो मी ओढून बंद केला. आवाज ऐकून ते म्हणाले, आला बघ उजेड. नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी मला सांगितलंय. माझ्याच्याने ते त्यांना सांगवत नाही. तुमचं ते ऐकतात. तुम्ही या आणि सांगा.