दडवलेला लिफाफा

धुळे, शनिवार, १६ मे १९९२

माझी मलाच लाज वाटते आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनला आम्ही चौघी एकाच वॉर्डात होतो. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, म्हणून आमच्या चार गावांत एकच लिफाफा फिरतो. जिच्याकडे येईल तिनं किराणा दुकानाच्या काट्यावर उभं राहायचं, खरा आकडा लिहायचा आणि लिफाफा पुढचीला पाठवायचा. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी पुरणाचे मांडे हाणले, दोन किलो वाढले, आणि लिफाफा दहा दिवस पिठाच्या डब्यामागे दडवला.

आज आमच्या चौघींतली सावद्याची नूरबी एस.टी.नं थेट दारात! पाणीही न घेता म्हणाली, "अक्का, खरं सांग. गाठ परत आली ना?"

"नाही गं बाई. मांडे खाल्ले. दोन किलो वाढले."

ती उंबऱ्यावरच बसली, रडली, मग कडाडली, "दोन किलोंसाठी आमचा जीव टांगणीला लावला होय!"

दोन किलो! आणि तिकडे तिघींची झोप उडालेली. इतका जीव लावणारी माणसं मला कशी मिळाली? देवा, उपकार तुझे.

डब्यामागचा लिफाफा काढला, सत्तर लिहिलं. खाली नूरबीनं आपल्या अक्षरात लिहिलं, "अक्का धडधाकट शे. नुसते मांडे खाल्लेत."