न पाहिलेली शेवटची कुस्ती

७ ऑक्टो.
पेपरातल्या प्रात्यक्षिकाचा तिसरा आठवडा. क्रीडा पानाच्या सरांनी फळ्यावर पुन्हा तेच लिहिलं : निकाल पहिल्या वाक्यात. विद्यापीठाला पाच छापील क्रीडा बातम्या द्यायच्यात, स्वतःच्या नावासकट. माझ्या तीन झाल्या, तिन्ही क्रिकेटच्या. त्यातला एकही सामना आठवत नाही. सध्या कशाचंच काही वाटत नाही. जेवते, झोपते, बातम्यांचे इंट्रो लिहिते.

१२ ऑक्टो., रवि.
चकलांब्याला यात्रेच्या कुस्त्या. शेवटची मुलींची. इथली रेणुका, आणि बीडच्या तालमीतली एक नावाजलेली पोरगी. रेणुकाचे आईबाप ऊसतोडीला जातात, तीही जाते. तालुक्याच्या तालमीच्या वसतिगृहात जागा मिळाली तर यंदा नाही नेणार, असं बापानं कबूल केलंय. तिथले वस्ताद म्हणालेत, मोठी कुस्ती मारल्याचा पुरावा आण. यात्रेत सर्टिफिकेट कुठलं? नारळ आणि फेटा. म्हणजे पेपरातलं कात्रण हाच पुरावा.
रेणुका म्हणाली, "नाव नीट छापा ताई. बापाचंबी."
मी हो म्हणाले.
क्रीडा पान साडेपाचला बंद होतं. कुस्त्या लांबल्या. शेजारी एक जुने वार्ताहर, निवांत. "शेवटची कुस्ती पंच बरोबरीतच सोडवतेत. दोनी बाजू खूश. म्या तर बातमी घरूनच लिवून आनली." मागच्या दोन वर्षांच्या बातम्या मोबाइलवर पाहिल्या. दोन्ही बरोबरीत. मीही तसंच लिहून पाठवलं आणि बस धरली. हलगी रस्त्यापर्यंत ऐकू येत होती.

१३ ऑक्टो.
छापून आली. माझं नाव ठळक. दुपारी रेणुकाचा फोन.
"ताई, म्या चितपट केली की तिला. बरोबरी कावून लिवली?"
मी विचारलं, किती मिनिटांत?
ती म्हणाली, "तुमी व्हत्या ना तिथं?"
रेंज नाही म्हणून फोन ठेवला. चारही कांड्या होत्या.

१४ ऑक्टो.
सरांना सांगितलं. "यात्रेच्या कुस्तीचा खुलासा कोण छापणार? आणि मग ही बातमी तुझ्या पाचांत धरायची की नाही?" मी म्हणाले, धरा. वहीत ४ लिहिलं. लाज वाटायला हवी होती. नुसती भूक लागली होती.

१७ ऑक्टो.
चकलांबा. दारात ऊसतोडीला निघायची बांधाबांध चाललेली. रेणुका गोधड्यांच्या गाठोड्यावर बसून ते दाबत होती. मी कुस्तीआधीच निघून गेले होते, हे सांगून टाकलं. वस्तादांना पत्र देते म्हणाले, मी डोळ्यांनी पाहिलं असं लिहून.
"डाव कोणता टाकलास?"
"ढाक."
"म्हणजे कसा?"
"उभ्या ऱ्हावा."
माझा हात ओढला, वळली, पुढचं कळलंच नाही. अंगणात उताणी, श्वास बंद. तिची आई धावत आली. रेणुका हसली नाही. "आसा," म्हणाली, आणि परत गाठोड्यावर जाऊन बसली.
बसमध्ये रडले. पाठीमुळे नाही. फार वाईट केलंय मी त्या पोरीचं.

१८ ऑक्टो.
पत्र लिहिलं, फाडलं. 'मी पाहिलं' एवढंच खोटं, पण सगळं उभं त्याच्यावरच. दुसरं लिहिलं : शेवटची कुस्ती न पाहता निकाल पाठवला, चूक माझी, पंचांना विचारा. तालमीत नेऊन दिलं. वस्तादांनी दोनदा वाचलं, खिशात घातलं. "बघू."
वहीतल्या ४ चे ३ केले.
सरांना हे अजून सांगितलं नाही.

२० ऑक्टो.
वस्तादांकडून काही नाही. दिवाळीचा फराळ केला.

२४ ऑक्टो.
सकाळी वस्तादांचा फोन. पंचांशी बोलले म्हणे, पण... "आता कागदावरबी भरवसा न्हाई आन् तोंडावरबी न्हाई. उद्या दहाला पोरीला घेऊन या. आमच्या एका पोरीसंग लढंल. पाडली तर जागा तिची."
लगेच रेणुकाला लावला.
"उद्या पहाटं ट्रक हाय ताई."
सगळी टोळी एकदम निघते, कर्नाटकातल्या कारखान्यावर. एकासाठी थांबत नाहीत. मी म्हणाले, तू तेवढी थांब, माझ्या खोलीवर राहा. तिनं फोन बापाकडे दिला.
"बाई, ठिवली आन् हारली, तर तिकडं येकटी कशी येनार? आन् हिच्याबिगर मोळ्या कोन बांधनार?"
मग तेच म्हणाले, "तुमी पेपरवाल्या. लई कुस्त्या बगितल्या आसतीन. तेवढं सांगा, जितंल का ती? जितनार आसंल तर ठिवून जातो."
टोमणा नव्हता. खरंच विचारत होते. मागे ट्रकला बांधायचा दोर कुणीतरी मागत होतं.
मी म्हणाले, काका, थोड्या वेळात सांगते.
"दिवस मावळायच्या आत सांगा, बाई."
साडेचार वाजलेत, फोन अजून लावलेला नाही.