चार बोटांची वीट

दादा,

राजधानीच्या इतिहासाचा तू लिहिलेला फलक वाचला. ‘राजधानी होण्याआधी इथे ओसाड माळ होता.’ ओसाड? अरे, आपली वीटभट्टी काय आभाळात होती? अख्खं सचिवालय आपल्या आईबापांनी पाडलेल्या विटांचं आहे. म्हणे, ‘या शहराला कचेऱ्यांनी पोसलं.’ ते लिहिणाऱ्या साहेबाला, म्हणजे तुला, भट्टीने पोसलं, हे लिहायला लाज वाटली का?

काल सचिवालयाच्या जिन्यातला जुना गिलावा काढायला मलाच बोलावलं होतं. गिलावा पडला आणि आतल्या विटेवर पंजा दिसला. दिवसाची शेवटची वीट ओली असतानाच आई तिच्यावर हात दाबायची, आठवतं? चारच बोटं उमटली होती. पाचवं चिखल मळायच्या यंत्रात गेलं, ते तू विसरला नसशील. मी तिथेच पायरीवर बसलो. त्याच जिन्याने तू रोज वर जातोस.

हे पत्र पाठवत नाही. तू फक्त शुद्धलेखन तपासशील. बाकीची भिंत लिंपली, तेवढी वीट उघडी ठेवली आहे. माझी थापी तिथेच पायरीवर आहे. झाकायची असेल, तर तुझ्या हाताने झाक.

तुझा धाकटा,
गवंडी